करून राहिलो होतो मी!

...आन वर तुम्हीच विचारता, ह्यात जळायचं काय? अहो, वास येऊन राहिला तो गॅसचा न्हाई, माझाच हाय! तुम्हाला सांगतो, तीन महिने मी, राघवेंद्र, हितं लातुरात पत्र्याच्या खोलीत बसून एकच भोक बुजवून राहिलो होतो. कशाचं? कंपायलरचं! म्हंजे आपण लिवलेला प्रोग्राम मशीनच्या हाती द्यायच्या आधी तपासतो ना, तो तपासनीस. डब्यावर साखर लिवलंय तर आत साखरच हाय का, एवढंच बघायचं त्यानं. पण आमच्या ह्या प्रोग्रामच्या भाषेत रिकाम्या डब्यावर लेबल काय, तर 'काहीबी चालंल'! एकानं मीठ ठेवलं, दुसऱ्यानं साखर म्हणून काढलं, आन तपासनीस म्हणतो, बराबर हाय! चालता प्रोग्राम धाडकन आडवा! आमच्या पुण्याच्या चंद्रप्रभा मॅडमनी जबान दिलेली, भोक बुजवील त्याच्या हाती कंपायलरची किल्ली. बाकीच्यांचं काम त्यानं तपासायचं, त्यानंच आत घ्यायचं! ती किल्ली माझी होती हो! अकराशे ओळी लिवल्या मी, अकराशे!

तर ग्रुपवर मॅडमचा मेसेज, "राघवेंद्र, कुठवर आलंय?" मी लिवलं, "करून राहिलो." झालं! "करून राहिलात म्हणजे? करून झालं, की करायचं राहिलं?" म्हटलं, "न्हाई मॅडम, करून राहिलो!" "अच्छा, राहिलं होय? हरकत नाही, मृण्मयीला देते."

अहो राहिलं न्हाई, राहिलो! म्हंजे करतच होतो! करून राहिलो होतो मी! आन ही मृण्मयी कुठली? आमच्याच जिल्ह्यातल्या देवणीची! कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर होती. घरी तीबी 'जेवून राहिले, येऊन राहिले'च म्हणते की! तिला कळलं न्हाई? पण ग्रुपवर तिनं टाकलं एक हसरं तोंड, आन खाली काय... "करते, मॅडम." करते! देवणीहून पुण्याला एका शब्दात पोचली!

आन केलं की हो तिनं... चार दिवसांत! नऊ ओळींत! रिकाम्या डब्यात पहिल्यांदा जे ठेवाल तेच त्याचं लेबल, मग बदलायचं न्हाई. बस! हे मला सुचायला काय झालं होतं? चूक काढायची म्हणून तीनदा वाचलं, एक सापडंल तर शपथ. लई सुंदर होतं हो, तेच तर दुखणं हाय!

किल्ली गेली तिच्याकडं. मी 'अभिनंदन' लिवलं, पाच वेळा खोडून. मग म्हटलं थांब, तुझ्या कंपायलरला पुन्हा भोक पाडून दाखवतो! माझाच एक जुना प्रोग्राम घातला, बटन दाबलं... पहिल्याच ओळीला आडवलं की त्यानं मला! लाल अक्षरात इंग्रजी फटकारा, म्हंजे आपल्या भाषेत, 'अपेक्षा एकाची होती, निघालं भलतंच.'

मागं आमचे वडील, अण्णाराव, इंग्रजीचे रिटायर मास्तर, चष्मा लावून उभे. त्यांनी ते सावकाश वाचलं, मान डोलावली आन म्हणाले, "ह्या मशीनला कुणी सांगितलं रे? मी तर फक्त तुझ्या आईजवळ बोललो होतो."