टिटवीवरची चौथी पेटी

मेकॅनिक : म्हणजे पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत, आणि कोणी जिंकायचंही नाही. मग ताई, या खेळात करायचं काय?

नणंद : बोलायचं. मी सूत्रधार. तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय, ते मी सांगणार. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. आज सुरुवात, मग दर रविवारी पुढे.

मेकॅनिक : आणि मी कोण?

नणंद : यानावरचा यंत्रज्ञ.

मेकॅनिक : हात्तिच्या! दिवसभर तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त करून अंतराळात यावं, तर तिथेही पाना माझ्याच हातात.

वहिनी : तुमचं तरी बरं आहे, भाऊ. मला डॉक्टर केलंय हिने. मला थर्मामीटर धड वाचता येत नाही.

नणंद : जमेल गं, वहिनी. आणि ऐका, या टेबलाचा नियम एकच. बोललं ते घडलं. मागाहून “अहो, गंमत केली” चालणार नाही. दादाचा नियम आहे तो.

मेकॅनिक : दादा कोण?

वहिनी : माझे यजमान. हिचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी गेले. ते होते तेव्हा इथे चांगली पाच जणांची मंडळी जमायची. नंतर कोण कुठे पांगली. तुम्ही बसलात ना, ती त्यांची खुर्ची.

मेकॅनिक : अरे देवा! उठतो मी, तिकडे स्टुलावर...

वहिनी : बसा हो. खुर्ची बसायलाच असते.

नणंद : करायची सुरुवात? तर... यानाचं नाव टिटवी.

मेकॅनिक : टिटवी? अहो, टिटवी ओरडली की आमची आई दार लावून घ्यायची!

नणंद : दादाला असलंच काहीतरी सुचायचं. तर, तुम्ही दोघं लांबलचक झोपेतून जागे होता. झोपायच्या पेटीच्या काचेवर बर्फाचा थर. दिवे मिणमिणते. सगळं यान चिडीचूप, फक्त एका पंपाचा आवाज. चार पेट्यांपैकी तीन उघड्या आहेत, दोन तुमच्या आणि एक रिकामीच. चौथीत अजून कोणीतरी झोपलंय.

वहिनी : कोण?

नणंद : कप्तान.

वहिनी : ठमे, हे खेळात जो व्हायचे तोच कप्तान ना हा? लंगडत चालणारा, दिसेल त्याच्यावर खेकसणारा?

नणंद : तोच. जुन्या खेळात तो मेला नव्हता, वहिनी. शेवटच्या रविवारी आम्ही त्याला झोपवून ठेवला होता. पुढच्या रविवारी उठवणार होतो.

मेकॅनिक : असू दे, असू दे. आधी मला सांगा, विजेचं काय?

नणंद : बॅटरी एकच. हवा शुद्ध करणारं यंत्र, सुकाणू आणि ती चौथी पेटी, तिन्ही तिच्यावर. तिन्ही चालू ठेवली तर बंदर गाठेपर्यंत पुरणार नाही. पण उपाय आहे. मी मुद्दाम ठेवलाय. वहिनी, तू डॉक्टर आहेस. तू काय करतेस?

(वहिनी समोरचा फासा उचलून नणंदेच्या पुढ्यात ठेवते.)

नणंद : वहिनी? काय करतेस तू?

मेकॅनिक : अहो, त्या कशाला डोकं शिणवतील? हे माझं खातं! लिफ्ट मध्येच अडकली, आत माणसं, बॅटरी उतरत आलेली, तर आम्ही आधी फुकटचा भार तोडतो. पंखा, दिवा, सगळं. हे कप्तानसाहेब ना हलतायत ना बोलतायत, नुसती वीज पितायत. केली त्यांची पेटी बंद!

नणंद : नाही! परत घ्या ते.

मेकॅनिक : घेतलं की! ताई, फोनवर मी “आलोच” म्हणतो तेव्हा अजून अंघोळीलाही गेलेलो नसतो. तसं “केली” म्हटलं. केली म्हणजे करू या, झालं!

वहिनी : नाही घेता येत परत. बोललं ते घडलं.

नणंद : सूत्रधार मी आहे. मी म्हणते, घडलं नाही.

वहिनी : ठमे, उपाय काय होता?

नणंद : कसला?

वहिनी : उपाय ठेवलाय म्हणालीस. कुठे होता?

नणंद : मालखान्यात. यानाच्या जुन्या बचाव-होडीची बॅटरी पडली होती तिथे. तू नुसतं विचारायचं होतंस, अजून काही करता येईल का. बाकी काही नाही. एकदा तरी विचारायचं.

वहिनी : विचारलं होतं गं. हॉस्पिटलात विचारलं होतं. त्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, मग धाकट्याला विचारलं, शेवटी रात्रपाळीच्या नर्सला विचारलं. सगळ्यांनी खाली पाहिलं. मग मी “मशीन थांबवा” म्हटलं. बोलले आणि घडलं.

नणंद : मला नाही विचारलंस.

वहिनी : तू बाहेर बाकावर होतीस. दारात येऊन तुला हाक मारली. तू मान फिरवलीस. वर्षभर तशीच फिरवून आहेस. “जेवलीस का” याच्यापलीकडे शब्द नाही. म्हणून रविवारी खेळायला ये म्हणालीस, तेव्हा केवढं बरं वाटलं मला. नवीन साडी नेसून आले. तुला मला पुन्हा त्याच दारात उभं करायचं होतं, होय ना?

नणंद : या वेळी तू नाही म्हणशील असं वाटलं.

मेकॅनिक : मी... मी जरा खाली जाऊन येतो. स्कूटरला कुलूप लावलं की नाही, आठवत नाही.

वहिनी : बसा, भाऊ. खेळ सुरू आहे.

मेकॅनिक : वहिनी, मला ठाऊक असतं तर जीभ चावून मेलो असतो हो.

वहिनी : तुम्ही अडकलेल्या माणसांना सोडवायला निघालात. त्यात काय पाप? हं, ठमे. पेटी बंद झाली. पुढे काय दिसतं, सांग.

नणंद : मला नाही सांगता येत. मी पाहिलंच नाही.

वहिनी : मग मी सांगते. यानावरची डॉक्टर आहे ना मी.

(नणंद फासा मुठीत घट्ट धरून बसते.)

वहिनी : पंप थांबतो. थांबल्यावर कळतं, तो केवढा मोठ्याने चालला होता. मी झाकण उघडते. वाटतं, हात गार पडला असेल. पण गरमच असतो. पुष्कळ वेळ गरम असतो. छाती वर होते, मग होत नाही. संपलं असं वाटतं, तेवढ्यात पुन्हा एकदा वर होते. लबाड होता ना, तसंच.

नणंद : कप्तानाला त्रास झाला?

वहिनी : नाही. कपाळावरची आठी गेली. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासूनची आठी ती. तिच्याविना ओळखू येईनात.

नणंद : काही बोलला?

वहिनी : नाही. मीच बोलत होते.

नणंद : काय?

वहिनी : मोरीतला नळ दुरुस्त करून घेतला म्हटलं. आता रात्री टपटप होत नाही, झोपा निवांत. खोटंच सांगितलं.

नणंद : अजून गळतो?

वहिनी : अजून.