खांद्याखालचा उजेड

—ग्राफिक कार्डाला कशाला नावं ठेवताय? कार्ड चांगलंच हाय. तुमी लॅपटॉप बॅटरीवर चालवताय, वायर लावा, वायर! बॅटरीवर हे चित्र सुधारायचं काम बंदच ऱ्हातं — आणि ब्राउझरमधलं बटन? तेबी बंद! कुंभारीपास्नं एवढं आलाय, निघायच्या आदी एकदा सेटिंग तर उघडायचं की. न्हाय. नेटवर कुनीतरी सांगितलं, जुना व्हिडिओ नव्यावानी दिसतो, की चालले कार्डवाला लॅपटॉप घ्यायला. जे टिपलंच न्हाय ते कुटनं येनार हो? अंदाजानं भरतंय ते. चित्रात नाक नसलं की नाक काढून देतंय — कुनाचं? त्याच्या मनाचं! आणि लोक म्हनत्यात, वा, काय क्लिअर!

थांबा, दाखवतो. ही कुस्ती लावतो — आता तपासायला कायतरी लागतंय की, गिऱ्हाईक आलं की हीच लावतो. करकंबकडच्या जत्रेतली, बारा वर्सामागं कुनीतरी साध्या मोबाईलवर काढलेली. आता बंद हाय, बघा, सगळा चिखल. आता चालू. दिसला फरक? हलगीवाल्याची बोटंसुद्धा मोजा. आता खालच्या पैलवानाचा खांदा बघा — मी थांबवतो, मला ठाव हाय कुटं थांबवायचं, दोन मिनटं एकेचाळीस. बंद असलं की खांदा मातीला टेकलेला. चालू केलं की खाली उजेडाची बारीक रेघ. म्हंजे काय? म्हंजे काय न्हाय! मशिननं मारलेली रेघ हाय ती. पंचानं चितपट दिली, विषय संपला. — व्हय, पांढऱ्या सदऱ्यातला पंच मीच. तवा डोक्यावर केस होते.

खालचा जोतीराम. 'पाठ लागली न्हाय, धनाजीअण्णा' म्हनत मैदानभर फिरला, रडत! चोवीस वर्साचा गडी, रडत! हरलेलं कोन कबूल करतंय? मी हसलो, समदं मैदान हसलं. त्या दिवशी लंगोट सोडला त्यानं. आता अकलूजला कारखान्याच्या गेटवर उभा ऱ्हातो. नाजूक! पैलवान हरला की दुसऱ्या दिवशी तालमीत जातो, हा रुसून बसला जन्माचा.

— काय? पंच कुटं बघतोय? तुमी खांदा बघा की, पंचाचं काय घेऊन बसलाय! डोळं त्या मशिनच्या अंदाजाचं, त्येवर कसला इस्वास — बरं, घ्या, बंद करतो. गेलं डोळं? ... मान. व्हय, मान हाय. मशिनचं बंद करूनबी मान तिकडंच हाय, स्टेजकडं. पावने म्हनून आलेले आमदारसाहेब उठले होते, मला हात केला त्यांनी, एवढ्या लोकांत मला — निम्म्या सेकंदाची गोष्ट हो! लोक वरडले, मी शिट्टी मारली. लोक वरडले म्हंजे पाठ लागलीच असनार. असनारच की. आता रोज बघतो मी, रोज, दुकान उघडलं की पयलं हेच, आणि खांद्याचं अजून कळंना मला — पन मी बघत नव्हतो, एवढं दिसतंय.

सांगू? त्याला? काय सांगू? छत्तीसाव्या वर्सी परत लंगोट लावनार हाय का तो? — उचला तुमचा लॅपटॉप. झालं काम. उचला म्हनतो न्हवं, शटर वढायचंय मला. — चारच वाजल्यात? मला ठाव हाय किती वाजल्यात. जावा.