तार न घातलेली फुलं

—तसं नव्हे गं, तसं धरलीस तर देठ मोडतो. आण इकडं. हे बघ, जर्बेराचं डोकं जड असतं आणि मान नाजूक, म्हणून तार आधी. खालनं देठात घालायची, हळू, हळू — फुलाच्या बुडाला टोचली की थांबायचं. पाकळीतनं बाहेर आली की गेलं ते फूल. मग वरनं ही हिरवी टेप, ओढत ओढत गुंडाळायची, ओढल्याशिवाय चिकटतच नाही ती. हां, आता जमलं बघ. बस की, स्टूल घे. गिऱ्हाईक येतील म्हणतीस? कुठलं येतंय! सुभाष रोडला माणसं येतात ती कपड्याला, भांड्याला — लेस-रिबिनीचं दुकान आता कोण बघतंय? बुकेसुद्धा तयार मिळतो, फोनवर मागवतात. तू एक भेटलीस, स्वतःचा बुके स्वतः करणारी. लग्न रविवारी ना? आणि रिसेप्शन आदल्या संध्याकाळी. मग शनिवारी दुपारी बांध, सकाळी नको. आजचा हा सराव समज.

मी काय, पंधरा वर्षं क्लास घेतला, ह्याच दुकानाच्या माळ्यावर. कन्नडात शिकवायची आणि राग आला की मराठीत ओरडायची, पोरी हसायच्या. 'अक्का, नोड्री', बघा की, म्हणत एकेकजण बुके पुढं करायची आणि मी नुसतं बघून सांगायची — ही गाठ सुटणार, हे फूल तासाभरात मान टाकणार. हात लावायची गरज नव्हती मला. माझी वेदश्री तेवढी कधी शिकली नाही. कोपऱ्यात बसून गणितं सोडवायची. एकुलती एक, हुशार — मला वाटायचं, हिला कशाला फुलं-बिलं. आणि शेवटी स्वतःच्या लग्नाचा बुके स्वतःच करत बसली. तुझ्यासारखी हौसेनं नव्हे. मी करणार नाही म्हटलं म्हणून.

का म्हणजे? पसंत नव्हतं मला. तिनं ठरवलेला मुलगा, योगेश, बेलूरला कारखान्यात, घर अळणावरकडचं, शेतकरी. माणूस वाईट नाही, हे आता म्हणते मी. तेव्हा नोकरी शिफ्टची, राहणार कुठं, असलंच काढत होते — जातीचं एक अक्षर बोलले नाही हं मी. — बोलले होते. एकदा. त्याच्या आईसमोर. जाऊ दे. आमचे हे म्हणाले, पोरगी सुखात आहे ना, मग अक्षता टाकू आणि मोकळं होऊ. मी म्हटलं, येईन, चार लोकांत दिसायला येईन, पण कशाला हात लावणार नाही.

तर रिसेप्शनच्या दिवशी दुपारी वेदश्री स्वयंपाकघरात आली, बुके घेऊन. बारा जर्बेरा, लाल, मधे निशिगंध, खाली पांढरी रिबीन, जरा तिरकी गेलेली. 'आई, बघ ना, कसा झालाय?' तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलली होती माझ्याशी. आणि मला एका नजरेत दिसलं — एकाही फुलात तार नाही. एप्रिल महिना, मंटपाच्या हॉलात ते भगभगीत दिवे, संध्याकाळी पाहुणे स्टेजवर चढेपर्यंत सगळी फुलं लोंबणार. दहा मिनिटांचं काम गं! तारेचं बंडल समोर खुंटीला होतं. मी म्हटलं, छान झालाय.

विसरले, असं सांगते मी. कुणाला सांगते म्हणा, कुणी विचारतच नाही. विसरले नव्हते. मला वाटलं, कळू दे हिला, आईवाचून काय होतं ते. एवढंच. मला वाटलं फुलं लोंबली की स्टेजवरनं हाक मारील, आई ये म्हणेल — मी तारा घेऊन गेले होते पर्समधे, माहिताय? तारा, टेप, छोटी कात्री. पहिल्या रांगेत बसून वाट बघत होते. तिनं हाक मारली नाही. एक फूल वाकलं, मग चार, मग सगळी, योगेशच्या घरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तिनं बुके पाठीमागं धरला आणि तशीच हसत उभी राहिली, दोन तास. अल्बममधे एकाही फोटोत तिचे हात दिसत नाहीत. मी उठले नाही खुर्चीवरनं.

चार वर्षं झाली. मुलगी झाली तिला, बारशाला बोलावणं आलं नाही. हे जाऊन येतात, विचारलं की म्हणतात, बरी आहे. माझ्यासमोर त्याहून जास्त बोलत नाहीत. योगेशला नावं ठेवली त्याचा राग आहे तिला, आणि तो खराच आहे. राग उतरेल कधीतरी, न उतरून जातो कुठं? बुकेचं तिला ठाऊक नाही, तेवढं एक बरं. उकाड्यानं गेली फुलं, असंच समजते ती. तेवढ्यावर मी सकाळी उठून हे दुकान उघडते बघ. ते कळलं असतं तर मग काही उरलंच नसतं.

का गं, थांबलीस का? तार टोचली? बघू — नाही टोचली. मग अशी काय बघतीस माझ्याकडं? आणि होय गं, हुबळीत एवढी दुकानं सोडून तू तिथल्या केशवापूरहून बस धरून ह्या गावाला कशी आलीस? कुणी सांगितलं? — तुमच्या वरच्या मजल्यावरची कोण अक्का? नाव काय तिचं?

...वेदश्री. बरी आहे ना ती? पोर कुणासारखी — नको, ते नको. काय म्हणाली ते सांग. जसं म्हणाली तसंच सांग, घाबरू नको. 'सामान तिथंच घे, चांगलं असतं.' बरं. आणि? — बोल गं. — 'पण बांधून झाल्यावर, कसा झालाय म्हणून त्या बाईंना विचारू नको. दिसलं तरी सांगत नाहीत.'

त्या बाईंना.

चार वर्षं ठाऊक होतं तर.

नाही, काही झालं नाही मला. पाणी नको. तो पसारा राहू दे, मी आवरते. टेप घे, तारा घे, जास्तीच्या घे. पिशवीत घाल सगळं — माझ्यापुढं धरू नको तो बुके, मला बघायचा नाहीये. ऊठ आता. तिला काही सांगू नको. काय सांगणार आहेस? ऊठ, बाळ, बस धर जा. मला दुकान बंद करायचंय.