गेटजवळचं स्टूल

(नाशिकजवळची अंबड औद्योगिक वसाहत, १९९९. रविवारची सकाळ. पेठकडच्या पाड्यावरून आलेला पुंजा, कारखान्यात कामाला असलेला त्याचा मुलगा मनोज आणि सून मोहिनी.)

मनोज : कंपनीची तिन्ही पत्रं गुरुजींकडून वाचून घेतलीस? सगळ्यांसमोर?

पुंजा : शिक्क्याचं पत्र आलं, ते काय दाबून ठेवू? पयल्याला तुज्या आईनं कुंकू लावलं. म्हनली, पोराला बढती भेटली.

मनोज : मेमो होता तो, बा. कामात चुका करतो म्हणून.

पुंजा : गुरुजी वाचता वाचता थांबला तवाच कळलं. दुसऱ्याला कुंकू नाय लावलं.

मोहिनी : मामा, मुद्दाम गावी पाठवतात. या खोलीचा पत्ता आहे की त्यांच्याकडे. पण गावात नाचक्की झाली की माणूस आपणहून नोकरी सोडतो.

पुंजा : त्यात लिवलंय ते खरं का? माल खराब केलास?

मनोज : केला. चौदा वर्षं साध्या लेथवर होतो, माझा माल कधी परत आला नाही. मग ते कॉम्प्युटरचं मशीन आणलं. सगळं इंग्रजीत. दोन दिवस शिकवलं आणि सोडून दिलं. अजून थोडं दाखवा म्हटलं, तर साहेब म्हणतो, तुझं वय झालं.

पुंजा : तुजं? मग माजं काय झालं?

मोहिनी : आता तर मशीनही काढून घेतलं. गेटच्या आत एक स्टूल टाकलंय, दीड महिना झाला, त्यावर बसवून ठेवतात. आठ तास. पेपर वाचायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही.

मनोज : सगळं सांगायलाच हवं का?

मोहिनी : मग कोण सांगणार? तुम्ही घरी येऊन भिंतीकडे बघत बसता.

पुंजा : आन लघवीला?

मनोज : वॉचमनच्या वहीत लिहून जायचं. हसू नकोस, बा.

पुंजा : हसत नाय. पगार देत्यात?

मनोज : देतात. तुला ते सोपं वाटतंय. इतकी वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लेली माणसं आता शेडमागून वळसा घालून जातात, माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून. वैताग आलाय मला. जीव नकोसा झालाय.

पुंजा : मग काढून का नाय टाकत तुला?

मनोज : काढलं तर कारण द्यावं लागेल, कोर्टात उभं राहावं लागेल. मीच कंटाळून गेलो की प्रश्नच मिटला.

मोहिनी : आणि हे जाणार आहेत. काल शर्ट धुवायला घेतला तर खिशात राजीनामा. सही करून तयार. उद्या देणार.

मनोज : मोहिनी, पुरे.

मोहिनी : पुरे काय? पुढं काय करायचं, ते लिहिलंय का त्या कागदात?

पुंजा : आन तो कागद हिकडं.

मनोज : तुला वाचता येतं का?

पुंजा : वाचायचा कशाला? त्यांनी तीन पाठवले, तरी तू हाय तिथंच हायस. तुजा हा एक गेला का त्यांचे तिन्ही खरे झाले.

मनोज : बोलायला काय जातंय? एक दिवस बसून बघ तिथं.

पुंजा : भात पोसवलं का माळ्यावर कोन बसायचा? दिवस दिवस, पाखरं हाकलीत. तू भाकर घेऊन यायचास आन इचारायचास, बा, तुला कंटाळा नाय येत?

मनोज : तू काय म्हणायचास, आठवत नाही.

पुंजा : म्हनायचो, लय येतो. पन मी उतरलो का पाखरांचंच राज्य.

मनोज : तिथं आपलं शेत होतं.

पुंजा : हितं चौदा वरसं तुजी हायत. ती कोन राखनार? पोरी, हा कागद मी आनलेल्या त्या तीन पत्रांसंगं फडक्यात बांध. उद्या कितीला जायाचं?

मनोज : साडेसातला. तू कुठं? तुला आत कुणी घेणार नाही.

पुंजा : आत कशाला? गेटाबाहेर रस्ता हाय ना.

मनोज : लोक हसतील, बा.

पुंजा : गावात हसून झालंय.

मोहिनी : मामा, तिथं सावली नाही.

मनोज : आणि स्टूलही एकच आहे.

पुंजा : ते तुजं. मी खाली बसतो.