पितळेचा जेट

आमच्या आईने एकदा माझी मोटरसायकल दुरुस्त केली, आणि तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

गाडी जुनी. चढ आला की भकभक करून बंद पडायची. आमच्या सुभाष मिस्त्रीने कार्ब्युरेटर खोलला आणि आतला जेट माझ्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा पितळेचा तुकडा. पेट्रोल जायचं त्याचं बारीकसं भोक पार बुजलेलं.

"तार खुपसू नको हां. भोक मोठं झालं तर गाडी नुसती पेट्रोल पिईल. नवा मिळतो का बघ, नाहीतर गाडी भंगारात घाल."

अख्खी रत्नागिरी पालथी घातली, नवा काही मिळाला नाही. वैतागून जेट देवघराच्या कट्ट्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर जागेवर नाही.

"आई, इथला पितळेचा तुकडा कुठाय?"

"तो होय! मला वाटलं, समईचाच काहीतरी. देवांबरोबर आमसुलाच्या पाण्यात भिजत घातला नि घासला. काळाकुट्ट झाला होता मेला."

जेट लखलखत होता. उजेडाकडे धरला, तर भोक आरपार मोकळं!

मिस्त्रीने तो बसवला, स्क्रू जरासा फिरवला आणि पहिल्याच किकला गाडी सुरू. तो कान देऊन ऐकत राहिला.

"ओरिजिनल कुठे मिळाला रे? माझ्याकडे अशा तीन गाड्या अडकल्यात."

खरं ते सांगितलं. आधी हसला, मग तिन्ही जेट कागदात बांधून माझ्या खिशात घातले.

आईने पुडी उघडून पाहिली.

"आता सोमवारपर्यंत थांब म्हणावं त्याला. मी देव सोमवारीच घासते."