सहभागी क्रमांक चार

ताई : ही सहभागी सात कोण?

धाकटी : ताई, लेखाचा मसुदा तुला तुझ्या मुलाखतीतलं बोलणं तपासायला दिलाय. दुसऱ्यांचं नाही.

ताई : ‘धाकट्यांसाठी शिक्षण सोडलेल्या बहिणी.’ मीही सोडलंच की. मग तिला पाच पानं आणि मला साडेतीन ओळी?

धाकटी : नाव सांगता येत नाही. तिने विचारलं तर तुझंही सांगणार नाही.

ताई : ती कशाला विचारतेय. ‘सातचा प्रामाणिकपणा हा या अभ्यासाचा कणा आहे.’ माझ्याबद्दल असं कधी बोललीस?

धाकटी : ते अभ्यासाबद्दल आहे गं.

ताई : काय एवढं बोलली? भावाच्या निकालाच्या दिवशी भांडी आपटली. मी काय कमी आपटली?

धाकटी : तू म्हणालीस, ‘कॉलेज आनंदाने सोडलं, कधी वाईट वाटलं नाही.’ रेकॉर्डिंग आहे.

ताई : समोर तू बसलेलीस. दुकानात दिवसभर उभी राहून घरी यायचे, तू टेबलाशी वाचत असायचीस. तो दिवा फटकन बंद करावासा वाटायचा. हे तुझ्या तोंडावर सांगू?

धाकटी : तुझी मुलाखत दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी होती. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीने विचारलं, तेव्हा नातं आड येणार नाही म्हणाले मी.

ताई : जाऊ दे. आता हे लिही. सातच्या आधी घाल.

धाकटी : सातचं वाचून बोललीस ना. नाही घालता येणार.

ताई : खोटं वाटतंय?

धाकटी : खरं वाटतंय. म्हणून तर आधीचंही छापायचं कसं, कळत नाही.

ताई : म्हणजे तुझ्या लेखात मी कुठेच नाही.

धाकटी : ते तू ठरव. संमती केव्हाही मागे घेता येते.

ताई : मग काढ मला.

संशोधक : नक्की?

सहभागी चार : काढ म्हटलं ना.

संशोधक : ठीक आहे. कारण सांगायचं बंधन नाही.

सहभागी चार : आणि ती? सातच राहणार?

संशोधक : चार गेली की मागच्या सगळ्या एकेक पुढे सरकतील. ती सहा होईल.

सहभागी चार : बघ, तिथेही तिलाच बढती.

(धाकटी लॅपटॉप मिटते.)

ताई : का काढ म्हणाले, विचारणार नाहीस?

धाकटी : विचारायचं नसतं. नियम आहे.

ताई : चार गेली ना. आता मला विचार.