काळ्या तिळाची सॉफ्टी

तुम्ही तिळाच्या वड्यांचं कौतुक सांगताय, पण तिळाने खरं काम केलेलं मी सौदीतल्या खफजी गावात पाहिलंय. गणपतीत माझ्या बायकोचे, सरिताचे उकडीचे मोदक खाऊन शेजारच्या पाटणकर वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पारी जाड झालीय." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. संक्रांत आली तरी अबोला तसाच.

त्या दिवशी आम्ही गावातल्या खाद्यमेळ्याला गेलो होतो. खनिज तेलाच्या कामावरच्या जपानी कुटुंबांच्या स्टॉलवर राखाडी रंगाची सॉफ्टी मिळत होती. रांगेत पुढे सरिता आणि तिच्या मागे नेमक्या पाटणकर वहिनी! मी मनात म्हटलं, झालं आता.

स्टॉलवरच्या बाईंनी आधी चवीपुरतं चमच्यावर दिलं. सरिताचे डोळे चमकले. "अहो, हे तर काळे तीळ!" मग हातात आलेला कोन तिने मागे वळून सरळ वहिनींपुढे धरला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

वहिनींनी कोन घेतला, सावकाश चाखला आणि म्हणाल्या, "गोडी कमी पडलीय."

मी डोळे मिटले. सरिता मात्र खळखळून हसली. "खुशाल नावं ठेवा, वहिनी. हे मी नाही केलेलं!"